ऑक्टोबरातली जंगलसहल, नवी मित्रमंडळी आणि डब्यात काय न्यावं?

यावलची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर यावल तालुक्यात, सासर जळगाव, आणि या उन्हाळ्यापासून नवऱ्याच्या नोकरीमुळे मुक्काम श्टुटगार्टजवळ. जर्मनच्या क्लासमध्ये काही जणींशी छान गट्टी जमलीय. एक तुर्की, एक युक्रेनची मावशी (वयाने आमच्या आईएवढी, उत्साहाने आमच्याहून जास्त) आणि एक कोलंबियाची, तिच्याबरोबर तिचा नवराही असतो. शिवाय माझी जर्मन शेजारीण. या सगळ्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बाड उराखच्या धबधब्याला जायचं ठरवलंय. पानांचे रंग बघायचे, चढायचं, वर गवतावर बसून खायचं. प्रत्येकाने आपल्याकडचं काहीतरी आणायचं.

आता माझा घोळ. नवरा म्हणतो, सँडविच ने आणि मोकळी हो. माझ्या डोक्यात भरीत बसलंय. तिथे निखाऱ्यावर भाजायची सोय आहे म्हणतात. पण पहिल्याच सहलीत वांगी, मिरच्या, खलबत्ता घेऊन जाणं जरा जास्तच होईल का? आणि दुसरं, या लोकांचं बोलावणं मनापासूनचं असतं की आपलं सभ्यपणा म्हणून? मी फार चिकटल्यासारखी तर दिसणार नाही ना? अनुभवी लोकांनी सांगा.

भुसावळ_जंक्शन

भुसावळच्या ४५ अंशांत तापलेल्या माणसाने दहा अंशांत पिकनिकला जायचं. सगळ्यात आधी स्वेटर ने. वांग्याचं नंतर बघू.

अहिराणी_गडी

ताई, भरीतच ली जा, दुसरा इचार करू नको! फक्त मिरच्या कमी टाकजो, नाहीतर त्या लोकेसना डोयामा पानी ई जाई :)

तापीकाठ

लेकी, मी न्यू जर्सीत बरीच वर्षं काढली, म्हणून जरा वेगळं सांगते. पहिल्या सहलीला आपला संसार घेऊन जाऊ नये. आमच्याकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते, त्या जोडसुट्टीत अर्धी पूर्व किनारपट्टी पानं बघायला न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटकडे निघते. कँकामॅगस हायवेवर गाडीला गाडी लागलेली असते. मी पहिल्यांदा ऑफिसातल्या बायकांबरोबर गेले तेव्हा इडल्या, चटणी, डबे, वाट्या, चमचे, सगळं घेतलं होतं. त्या प्रत्येकीकडे एकेक सफरचंद आणि पाण्याची बाटली. पूर्ण दिवस मी वाढत होते आणि त्या ‘थँक यू, आय अ‍ॅम फुल’ म्हणत होत्या. डोंगर पाहिलाच नाही मी.

तेव्हा एकच पदार्थ ने, हातात धरून खाता येईल असा. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. आपल्या आज्या याच्यावर पंढरपूरला जाऊन आल्या.

बामणोदकर

दशम्या ठीक. पण भरिताबद्दल स्पष्ट बोलतो. तिकडे जे काळंजांभळं वांगं मिळतं त्याचं भरीत होत नाही, लगदा होतो. भरिताचं वांगं म्हणजे आमचं बामणोदचं. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेषा, बी कमी, साल पातळ. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगाच? त्यात ते पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) नाहीतर तुराट्यांवर (तुरीच्या) भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं. हिरवी मिरची आणि लसूण वेगळं भाजून. वरून कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. ओव्हनमध्ये केलं तर त्याला दुसरं नाव द्या, माझी हरकत नाही.

शिवाय ऑक्टोबर हा भरिताचा हंगामच नाही. थंडी पडू दे आधी.

भुसावळ_जंक्शन

@बामणोदकर, तिथे थंडी पडलीच आहे दादा. हंगाम कॅलेंडर बघून येत नाही. राहिल्या पऱ्हाट्या. कस्टममध्ये ‘हे काय?’ विचारलं तर ‘कपाशीचं भविष्य’ म्हणून सांगावं.

खापर_आणि_मांडे

हसून हसून पुरेवाट!! :))

श्वाबेनमधला_रावेरी

ताई, मी तुमच्याच भागात आहे, त्यामुळे जरा कामाचं सांगतो.

जंगलात वाट्टेल तिथे चूल मांडता येत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आपल्या राज्यात मार्च ते ऑक्टोबर जंगलात सिगारेट ओढायलासुद्धा बंदी आहे, मग शेकोटीचं काय घेऊन बसलात! पण ठरवून दिलेल्या जागा असतात, दगडी कट्टा आणि वर लोखंडी जाळी. तिथे चालतं. जो आधी पोचेल त्याची जागा. लाकूड किंवा कोळसा आपण न्यायचा, जंगलातलं मोडायचं नाही. निघताना पाणी ओतून निखारे पूर्ण विझवायचे. जर्मन माणूस एक वेळ मीठ कमी पडलं तर माफ करेल, धुमसता निखारा सोडला तर नाही.

वांगी तुर्की दुकानातून घ्या, ती सुपरमार्केटपेक्षा हलकी आणि कमी बियांची मिळतात. हातात घेऊन बघायची, आकाराच्या मानाने हलकं लागलं की घ्यायचं. हिरव्या मिरच्याही तिथेच. तेलाचं मात्र अवघड. इथलं शेंगदाणा तेल रिफाइंड असतं, त्याला वास नाही. घाण्याचं थोडं आणलं असेल तर हीच वेळ आहे ते काढायची.

सगळ्यात महत्त्वाचं: शेंगदाणे. ग्रुपवर आधी विचारा, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का. इकडे हा गमतीचा विषय नाही, माणसाचा श्वास अडकतो. हे विचारल्याने कुणी तुम्हाला आगाऊ समजणार नाही, उलट बरं वाटेल त्यांना.

आणि त्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. झोप जास्त मिळेल, पण संध्याकाळी पाचच्या सुमारालाच सूर्य मावळेल. खाली उतरायला उशीर करू नका. ओल्या पानांवर बूट घसरतात, साधे स्पोर्ट शूज नकोत. घरी आल्यावर पाय तपासा, गोचीड असते गवतात.

तापीकाठ

शेंगदाण्याचं शंभर टक्के बरोबर. माझ्या लक्षात आलंच नाही, आणि मी चटणी सुचवून बसले.

यावलची_लेक

रावेरीदादा, हे सोन्यासारखं आहे. लगेच ग्रुपवर विचारलं. कुणाला काही नाही, फक्त शेजारीण मांस खात नाही आणि तुर्की मैत्रीण डुकराचं आणि दारू घेत नाही. म्हणजे वांग्याला सगळ्यांचा हिरवा कंदील!

पण बोलावण्याचं कुणी बोलत नाहीये :(

मेलबर्नची_चोपडेकर

मी बोलते. जर्मन लोकांचं मला माहीत नाही, पण ऑस्ट्रेलियात माझा अनुभव असा: ‘कधीतरी भेटू’ म्हणाले तर तो सभ्यपणा. तारीख, वेळ आणि गाडीचं नाव सांगितलं तर ते बोलावणं. तुला रविवार, धबधबा, सगळं सांगितलंय. जा बिनधास्त.

आमचा शरद एप्रिल-मेमध्ये असतो हे लोक विसरतात. इकडे ब्राइट नावाच्या गावात पानं लाल-पिवळी होतात तेव्हा तिकडे आमच्या चोपड्यात आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके बांधलेले असतात. एका वर्षी आम्ही तिथल्याच एका झाडाला दोर बांधला आणि ‘आथानी कैरी तथानी कैरी’ म्हटलं. येणारेजाणारे उभे राहून बघत होते. मग त्यातले दोघे झोक्यावर बसले.

भुसावळ_जंक्शन

दोर तुटला का?

मेलबर्नची_चोपडेकर

नाही. तुम्ही नव्हतात ना.

धुळ्याचा_मास्तर

झोक्यांवरून गाडी पानांवर आणतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही.

पिवळा रंग पानात उन्हाळ्यापासूनच असतो. हरितद्रव्य वरचढ असतं म्हणून दिसत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य मोडीत काढतं, त्यातला नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं वेगळं आहे. तो त्या दिवसांत नव्याने तयार होतो, अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. दिवसा लख्ख ऊन, रात्री थंडी पण गोठण्याइतकी नाही, असे दिवस मिळाले की लाल चढतो. अमेरिकेतल्या शुगर मेपलला ते जमतं. श्टुटगार्टच्या बाजूला बीच नावाच्या झाडांची जंगलं आहेत, तिथे पिवळा आणि तांबूस जास्त दिसेल. ताई, लालभडक फोटोंची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

आपल्या सातपुड्यात पानगळ थंडीच्या तयारीने होत नाही, पाण्याच्या तुटवड्याने होते. साग हिवाळा उतरताना उघडा पडतो. अंजन, कुसुंब त्यानंतर. आणि मजा अशी की लाल रंग आपल्याकडेही आहे, फक्त उलट्या टोकाला. कुसुंबाची कोवळी पालवी मार्च-एप्रिलमध्ये अशी लालभडक असते की लांबून फुलंच वाटावीत. तिकडे पान जाताना लाल, इकडे येताना. रसायन तेच, अँथोसायनिन. सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूला कधी होळीनंतर जाऊन बघा. आपले लोक मात्र तोवर घरात कूलरसमोर.

बामणोदकर

मास्तर, हे शाळेत असं शिकवलं असतं तर आम्ही नापास झालो नसतो.

धुळ्याचा_मास्तर

शिकवलं होतं. तुम्ही भरीत पार्टीला गेला होता.

खापर_आणि_मांडे

अगं लेकी, माझं ऐक. आत्ता इकडे भुलाबाईचे दिवस. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा बंद, फक्त हलवून आवाज ऐकायचा. ‘ओली की कोरडी? गोड की तिखट?’ आम्ही लहानपणी मुद्दाम ओळखता येऊ नये असं काहीतरी करायचो. तुझी सहल कोजागिरीनंतर आहे, पण भुलाबाई काही रागवायची नाही. तुम्हा सगळ्यांना एकमेकींची भाषा धड येत नाही ना? मग बोलण्यापेक्षा हे बरं. सगळ्यांचे डबे बंद ठेवायचे आणि ओळखायचे.

तापीकाठ

काकू, काय सुचवलंत! हे मी उचलणार.

पण आग्रहाचा मुद्दा राहिला. लेकी, ‘अजून एक घे’ एकदाच म्हण. नाही म्हटलं की नाही.

अहिराणी_गडी

आग्रह नई ते जेवन कसानं? वरणबट्टीवर तूप वतताना आमनी आजी ताटवर हात आडवा धरेल माणूसना हातवरच तूप वतस!

तापीकाठ

भाऊ, त्या आजींना माझा नमस्कार. पण परदेशात ताटावर आडवा हात आला की थांबायचं.

मेलबर्नची_चोपडेकर

मधला मार्ग: डबा मध्ये ठेवायचा, झाकण काढायचं, एकदा सांगायचं आणि स्वतः खायला लागायचं. ज्याला हवं तो घेतो. मी हे करते तेव्हापासून डबा रिकामा होऊन परत येतो.

मुक्ताईनगर_टू_बॉस्टन

वाचतोय. मी इथे नुकताच शिकायला आलोय, माझ्या लॅबचंही असंच काहीतरी ठरतंय. ताई, जाऊन आल्यावर नक्की लिहा.

भुसावळ_जंक्शन

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (बिनतेलाचे, बायको बघतेय.)

यावलची_लेक

मंडळी, जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत.

शेजारणीने आम्हा बाकीच्या पाच जणांचं मिळून एकच राज्य-तिकीट काढलं होतं आणि प्रत्येकाच्या वाट्याचे युरो-सेंट कागदावर लिहून आणले होते. नवरा आला नाही, त्याची ऑफिसची भानगड. मेट्झिंगनला गाडी बदलायची होती. तिथे ब्रँडेड कपड्यांची स्वस्त दुकानं आहेत, कोलंबियन मैत्रिणीची मान तिकडे वळली. पण रविवार, सगळं बंद! तिचा नवरा इतका खूष होता की विचारू नका.

धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे. वर दोन्ही बाजूंना बीचची झाडं, मास्तर म्हणाले तशीच पिवळी आणि तांबूस. खाली पाचोळा बिबड्याच्या पापडासारखा वाजत होता. धबधबा ३७ मीटर उंचीवरून एका चुनखडीच्या ओठावरून सरळ खाली पडतो. पाण्यातला चुना साठून साठून तो ओठ झालाय, असं शेजारणीने सांगितलं. तिच्या जर्मनमधलं मला निम्मं कळलं, उरलेलं हातांवरून. बाजूच्या पायऱ्यांनी वर गेलं की मोकळं गवताचं पठार. मावशी सगळ्यांच्या आधी वर.

निखाऱ्याच्या जागेवर एक कुटुंब आधीच बसलं होतं, मुलांना सॉसेज भाजून देत होते. शेजारणीने जाऊन विचारलं, त्यांनी जाळीचा अर्धा भाग दिला. मी वांगी काढली. फॉइल वगैरे काही नाही, थेट निखाऱ्यात. साल काळी पडून फुटायला लागली, रस चुरचुरायला लागला, आणि तो वास सुटला ना! त्या कुटुंबातली मुलं सॉसेज सोडून बघायला आली.

खरी गंमत पुढे. वांगी उलटायला मी काडी घेतली तर तुर्की मैत्रिणीने ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, अशी नाही, देठाला धरून. त्यांच्याकडे भाजलेलं वांगं दही-लसूण घालून करतात. मावशी म्हणाली, हे तर आमचं, आमच्याकडे टोमॅटो-कांदा घालून बाटल्या भरून ठेवतात हिवाळ्यासाठी. मग कोलंबियन मैत्रीण उठली. तिच्या माहेरी कॅरिबियन किनाऱ्याला वांगं आणि पिकलेलं केळं एकत्र कुस्करून करतात, बोरोनिया म्हणतात. केळं आणि वांगं! मी म्हटलं, बाई, तू आमच्या जळगाव जिल्ह्याची आहेस, तुला माहीत नाही एवढंच.

तिघी वांग्यावरून भांडत होत्या, जर्मनमध्ये, आणि तिघींच्याही व्याकरणाचा बोऱ्या. आमच्या बाई ऐकत असत्या तर सगळ्यांना परत पहिल्या वर्गात बसवलं असतं.

खलबत्ता मी नेलाच होता. मिरच्या सगळ्या घातल्या नाहीत, वेगळ्या वाटीत ठेचा ठेवला. कोलंबियन नवऱ्याने आधी ‘थोडा’ घेतला आणि नंतर वाटी स्वतःकडे ओढली.

डब्यांचा खेळ जेवणाआधी झाला. काकू, तुम्ही नव्हतात पण तुमच्यावरून टाळ्या वाजल्या. मावशीचा डबा हलवला तर काहीच आवाज नाही, सगळ्यांनी ‘केक’ म्हटलं, निघाले बटाटे भरलेले मऊ वारेनिकी. शेजारणीच्या पिशवीत कांद्याचा केक आणि नव्या द्राक्षांच्या, अजून आंबत असलेल्या वाइनची बाटली. तिचं बूच घट्ट लावत नाहीत, गॅस कोंडला तर बाटली फुटेल म्हणून. बिचारी ती बाटली गाडीत दोन्ही हातांनी उभी धरून बसली होती. आडवी झाली असती तर सगळ्यांना आंघोळ. तुर्की मैत्रिणीने आणि मी सफरचंदाचा रस घेतला.

आग्रह मी एकदाच केला. चोपडेकरताई, डबा रिकामा आला.

खापर_आणि_मांडे

अगं वाचून डोळ्यासमोर उभं राहिलं सगळं! त्या मावशीला माझा नमस्कार सांग.

बामणोदकर

ताई, सहल छान. पण केळं आणि वांगं? एकत्र? कुस्करून? हे मी वाचलंच नाही असं समजा.

धुळ्याचा_मास्तर

दोन्हींना एकाच वर्षी मानांकन मिळालंय, जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच. सोयरीक सरकारदरबारी झालेली आहे, बामणोदकर. आता मानपान करा.

भुसावळ_जंक्शन

वरपक्ष रावेरचा, वधूपक्ष बामणोदचा. वरात भुसावळला बदलेल.

खापर_आणि_मांडे

मी आज करून बघणार. पिकलेली केळी घरात आहेतच.

धुळ्याचा_मास्तर

काकू, थांबा. कोलंबियात वापरतात ते भाजीचं केळं, पिठूळ आणि कडक. आपल्याकडची ग्रँड नैन जातीची, नुसती खायची, गोड आणि मऊ. पूर्ण पिकलेली घेतलीत तर शिकरण होईल. जरा हिरवट, नुकती रंग धरणारी घ्या आणि तळून घ्या.

खापर_आणि_मांडे

केलं. अर्धवट पिकलेली तळली, वांगं भाजलं, कांदा, लसूण, मीठ, आणि मी हिरवी मिरची घातली, त्यांच्याकडे घालत असोत नसोत. यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग लिंबू पिळून दोनदा घेतलं. सून म्हणाली, कळण्याच्या पुरीबरोबर चांगलं लागेल. नातवाने हात लावला नाही.

बामणोदकर

नातू माझ्या बाजूचा आहे.

यावलची_लेक

काकू!!! हे कोलंबियन मैत्रिणीला दाखवते. कळण्याचं प्रमाण सांगा ना, पुढच्या वेळी पुऱ्या करायच्यात.

खापर_आणि_मांडे

चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि मीठ, एकत्र दळायचं. आमच्याकडे उडीद जरा सढळ असतो, काही जणी कमी घालतात. तिकडे गिरणी नसणार, तर ज्वारीचं पीठ आयतं घे आणि उडीद मिक्सरवर बारीक करून चाळून मिसळ. गरम पाण्यात भिजव, नाहीतर थापताना चिरा पडतील.

मुक्ताईनगर_टू_बॉस्टन

मंडळी, माझी लॅबवाली सहल येत्या शनिवारी. सफरचंदाच्या बागेत. मला स्वयंपाक येत नाही, फक्त मॅगी आणि चहा. काय नेऊ?

तापीकाठ

चहा ने. मोठ्या थर्मासमध्ये, आलं ठेचून, साखर नेहमीपेक्षा जरा कमी. बागेत सफरचंदाचा गरम रस आणि सायडर डोनट मिळतात, खायची काळजी कुणालाच नसते. पण थंडीत दोन तास फळं तोडून झाली की सगळे गरम काहीतरी शोधत असतात. कागदी कप जास्तीचे घे, आणि त्यात दूध आहे हे आधी सांग, काही जण दूध घेत नाहीत.